तिच्या पगारातून काप

शनिवार, १८ जानेवारी २०२५, संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. चर्चचं तळघर, बीन्सच्या जेवणाची रांग. ही वेळ सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण उद्या तू म्हणशील, ‘कधी? मी असं कधी म्हणालो?’ भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोर होतं आणि पळी माझ्या हातात होती.

मंगळवार, २१ जानेवारी
घरून

प्रिय रोझेर,

पत्राच्या आरंभी ख्यालीखुशाली विचारावी असं सिस्टर सेंट आर्मांनी आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये हातात छडी घेऊन शिकवलं, म्हणून विचारते. कसा आहेस? तळ्यावर बर्फ चांगला धरला असेल. कुत्रा मजेत असेल. तुझे गुडघे दुखत असतील, आणि दुखलेच पाहिजेत. मी ठणठणीत आहे. झाली ख्यालीखुशाली.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपते न संपते तोच तू मासे धरायच्या नावाखाली तळ्यावरच्या खोपटाकडे पळालास. ‘पळालास’ हाच शब्द मला लिहायचा आहे, दुसरा सुचवू नकोस. तिथे फोन लागत नाही हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तू तिथे आहेस हेही ठाऊक आहे. जाताना माझा बिडाचा तवा नेलास. प्लॉयची धिरडी मी कशावर घालू? तुझा भाऊ कामी उद्या तुला पेट्रोल आणि पाव पोचवायला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते आहे. पाकिटाला चिकटपट्टी दोनदा लावली आहे, कारण कामीला मी ओळखते.

मी बोलायचं सोडून लिहिते का आहे? कारण तुला बोललेलं काही पटलं नाही की तू ‘गंमत केली गं’ म्हणतोस आणि विषय संपतो. कागदाला गंमत करता येत नाही.

तर शनिवार. तू माझ्या शेजारी उभा राहून पाव कापत होतास. ट्रॅव्हिस पोरांना घेऊन रांगेत आला. आपला जावई मनाने वाईट नाही, हे मी आजही म्हणते. विजेच्या खांबांवर चढतो, पोरांना आंघोळ घालतो, आणि पोरांसारखाच तोही तुला ‘पेपेर’ म्हणतो. आजोबा म्हणायला त्याला स्वतःचा आजोबा कधी मिळाला नाही, त्यामुळे तुझं वाक्य न वाक्य त्याला बायबल वाटतं.

तो म्हणाला, ‘‘पेपेर, जमलं बरं का! आलीन हॉस्पिटलातली नोकरी सोडतेय. सत्तावीसला सांगून टाकणार. तीच म्हणाली, पाळणाघर आणि पेट्रोल गेलं की माझ्या हातात उरतं काय, चणेफुटाणे?’’

आणि तू, हातात पावाची सुरी, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात: ‘‘मी सांगितलं नव्हतं? तिच्या पगारातून काप. वाद नको, भांडण नको. चेक बघून बायको आपोआप घरी येते. हिला मी असंच घरी आणलं!’’

‘हिला’ म्हणताना सुरी माझ्याकडे केलीस.

माणसं हसली. कामी तर पोट धरून हसला. मग तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि म्हणालास, ‘‘गंमत केली गं.’’

रांग थांबली नव्हती म्हणून मीही थांबले नाही. पुढचा माणूस ‘पुरे, पुरे’ म्हणत होता आणि मी त्याच्या ताटात बीन्स वाढत होते. त्या बिचाऱ्याची माफी मागायची राहिली आहे.

गाडीत मी विचारलं, ‘‘काय केलं होतंस तू?’’

‘‘काही नाही केलं. कायदेशीर आहे.’’

‘‘कायद्याचं नाही विचारलं.’’

‘‘अगं, एकाच हंड्यातले बीन्स. या वाटीने काढले काय नि त्या वाटीने काढले काय, हंडा तेवढाच!’’

मग तू मला सगळं समजावून सांगितलंस. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आता तेच मी तुला परत समजावते, म्हणजे मला बरोबर कळलं की नाही ते तुला तपासता येईल. आकडे तुझे, अक्षरं माझी, अशीच आपल्या घरात वाटणी होती ना?

नवरा-बायको दोघं कमावते असले तर कर दोघांच्या मिळून मिळकतीवर बसतो. पण तो आधीच कापून घेतात ते दोन वेगळ्या पगारांतून, दोन वेगळ्या कचेऱ्यांत. कोणाच्या पगारातून किती कापायचा, हे ज्याचा त्याने आपल्या फॉर्मवर सांगायचं असतं. कुणी काही सांगितलं नाही, तर प्रत्येक कचेरीला वाटतं की या घरात हा एकच पगार येतो, आणि दोन्ही कचेऱ्या कमी कापतात. आलीन आणि ट्रॅव्हिसचं मागच्या वसंतात तेच झालं. दोघांनी ‘विवाहित’ वर खूण केली, जोडीदारही कमावतो हे कोणीच लिहिलं नाही, आणि एप्रिलमध्ये सरकारला भरायला पैसे निघाले. चूक साधी होती. आपल्या खोऱ्यातली निम्मी जोडपी करतात.

ट्रॅव्हिस कागद घेऊन तुझ्याकडे आला. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलावर मीठ सांडत तुम्ही दोघं बसला होतात, आणि मी तुम्हाला कॉफी दिली. तू त्याला काय सांगायला हवं होतंस? की जो कर वाढवून कापायचा आहे तो दोघांनी आपापल्या पगाराच्या मानाने वाटून घ्या. तू काय सांगितलंस? पोरांची सूट सगळी तुझ्या फॉर्मवर टाक, आणि ‘जादा कापा’ची रक्कम सगळी तिच्या फॉर्मवर. म्हणजे त्याचा चेक बाळसेदार आणि तिचा चेक रोगट. हंडा तेवढाच, खरं आहे. पण रोझेर, वाटीत डोकावून बघणारी ती होती.

त्यात पाळणाघराचा खर्च तिने एकटीच्या चेकमधून वजा केला. पोरं दोघांची आणि पाळणाघर आईच्या पगारातून, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये तरी नव्हतं. तिथे गणितात चूक निघाली तर हातावर छडी बसायची. तुमच्या कागद गिरणीत मात्र हेच शिकवत असणार. कारण हा उपाय तुझ्या डोक्यातून आलेला नाही, तेवढी तुझी झेप नाही. गिरणीतल्या म्हाताऱ्यांनी डबे खाताना तुला सांगितला, आणि तू जावयाला वारसा दिलास. हुंड्यात दुसरं काही नव्हतं का द्यायला?

आलीनला डायलिसिस विभागाची प्रमुख करतायत. हे तुला माहीत आहे का? ट्रॅव्हिसने सांगितलं नसेल, कारण त्यालाही ते ‘नाव मोठं, हातात तेच’ असंच कळलेलं आहे.

हे पत्र आलीनबद्दल आहे. माझ्याबद्दल नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं, ते उकरून काढण्यात मला रस नाही.

.

मध्येच ठेवलं होतं. आलीनचा फोन आला. आता दुपार झाली आहे. बोलणं जसंच्या तसं लिहिते.

‘‘आई, बाबा कुठायत?’’

‘‘मासे मारतायत.’’

‘‘अजून? फोन लागत नाही त्यांचा. मला विचारायचं होतं त्यांना, की खरंच सोडू ना.’’

‘‘मला विचार.’’

‘‘तुला काय विचारायचं? तू म्हणणार सोडू नकोस.’’

‘‘का म्हणणार, ते तरी ऐकशील?’’

‘‘आई, प्लीज. बाबांना आकडे कळतात. ट्रॅव्हिस आणि ते नीट बसले होते कागद घेऊन. आणि तुला त्यांचं एक तरी म्हणणं कधी पटलंय का? त्यांनी बर्फ पांढरा म्हटला तर तू खिडकीतून बघून घेशील.’’

हे खरं आहे. मी बघून घेते.

मी म्हटलं, ‘‘तुला ते काम आवडतं ना?’’

मग म्हणाली, ‘‘आवडतं म्हणून काय झालं? फुकट करायचं? आणि तू पण सोडलंच होतंस ना? तुझं काय वाईट झालं?’’

मी म्हटलं, ‘‘बीन्स उरलेत. डबा घेऊन जा.’’

आता कळलं ना, मी तिला स्वतः का सांगितलं नाही ते? मी सांगितलं तर ते ‘आईचं बाबांवरचं रडगाणं’ होईल. माझी जीभ तिखट आहे, आणि तिखटाचा एक तोटा असा की ज्या दिवशी खरोखर आग लागते त्या दिवशीही लोक म्हणतात, हिचं नेहमीचंच. तुझ्या तोंडून निघालेलं तिला खरं वाटतं. तू बिघडवलंस, आता तूच दुरुस्त करायचं.

पण तिने विचारलं, तुझं काय वाईट झालं. तेव्हापासून मी चूल पुसते आहे. ती स्वच्छ आहे.

ठीक आहे. लिहिते.

आलीन नुकती चालायला लागली होती तो हिवाळा. मी काम करायची त्या हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून त्यांनी मला विचारलं. मला. लांब बॅन्गोर शहरात जाऊन थंडीभर प्रशिक्षण घ्यायचं, शुक्रवारी घरी, रविवारी परत. तुझी आई पोरीला सांभाळायला तयार होती. तिने तर माझ्यासाठी जुनी बॅग शोधून पुसूनही ठेवली होती, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू ओरडला नाहीस. नको म्हणाला नाहीस. तू स्वयंपाकघराच्या टेबलावर तुझा चेक ठेवलास आणि शेजारी माझा ठेवलास. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासातलं सूप असावं तसा माझा चेक पातळ. तू म्हणालास, ‘‘बघ बाई तूच. जास्त काम, जास्त कर. सरकारसाठी राबायची हौस असेल तर जा.’’

मी पाहिलं आणि मला पटलं. कर कापायचा फॉर्म दर वेळी तूच भरायचास आणि मला बोट ठेवून दाखवायचास, ‘सही इथे’. मी सही करायची. कॉन्व्हेंटमध्ये लॅटिन शिकलेली बाई, वाचल्याशिवाय सही करायची, कारण नवरा होता.

ती जागा एका पोराला मिळाली. पुढची कित्येक वर्षं तो मला येऊन विचारायचा की ही प्लेट सुलटी की उलटी. आज तो हिवाळ्यात फ्लोरिडाला असतो. मी आधी अर्धा दिवस केला, मग घरी बसले, मग आलीन शाळेला लागल्यावर पुन्हा अर्धा दिवस. माझ्या म्हातारपणाची पेन्शन त्या अर्ध्या दिवसांवर मोजलेली आहे. तिथे हंडा एक नाही, रोझेर. ती वाटी माझी एकटीची आहे, आणि ती तेवढीच राहणार.

हेही मी कदाचित गिळलं असतं. गिळायची मला सवय आहे. जे गिळता येत नाही ते दुसरंच आहे.

एप्रिल.

जादा कापलेला कर एप्रिलमध्ये परत यायचा. चेकवर दोघांची नावं, तुझं आधी. तू अंगावर कोट चढवायचास आणि मला नदीकाठच्या हॉटेलात जेवायला न्यायचास. वर्षातून एकदाच. गोड खाऊन झालं की माझ्या बशीशेजारी एक पाकीट ठेवायचास. ‘‘घे. तुझ्यासाठी. मौज कर.’’ आणि मी, रोझेर, मी तुझा हात हातात घ्यायची. डोळे भरून यायचे. घरी येऊन बहिणीला फोन करायची की बघ, बाकीच्यांचे नवरे पितात, माझा नवरा मला पाकीट देतो. उरलेल्यातून तू बोट घेतलीस. बोटीचं इंजिन घेतलंस. ज्या खोपटात बसून तू हे वाचतो आहेस त्याचं छप्पर त्यातून आलं, आणि ज्या शेगडीवर पाय शेकतो आहेस ती शेगडीही. माझ्याच पगारातून वर्षभर कापलेलं तू मला पाकिटातून बक्षीस द्यायचास, आणि मी तुझे आभार मानायची.

ते आभार मला परत हवे आहेत. कसे देणार आहेस, सांग.

आता एक गोष्ट उरली. ती मी सकाळपासून टाळते आहे आणि तूही शनिवारपासून टाळतो आहेस. गाडी दारात लागली होती. मी उतरत होते. तू इंजिन बंद केलंस आणि समोर गॅरेजच्या दाराकडे बघत म्हणालास, ‘‘बॅन्गोरहून तू परत आली असतीस का?’’

मी गाडीचं दार आपटलं. ते उत्तर नव्हतं.

तेव्हा विचारलं असतंस तर खरं उत्तर मिळालं असतं. ‘जाऊ नकोस, मला भीती वाटते’ एवढं म्हणाला असतास, तर मी कदाचित राहिलेही असते, आणि राहणं माझं असतं. किंवा गेले असते आणि दर शुक्रवारी बर्फ तुडवत आले असते, आणि येणं माझं असतं. आता मला माहीत नाही. मी त्या काळच्या जिल्बेर्तला शोधून विचारायला गेले तर ती म्हणते, मला काय विचारतेस, मला कोणी विचारलंच नव्हतं. हे उत्तर तू माझ्या पगारातून कापलंस. हे एप्रिलमध्ये परत येत नाही.

तुझी भीती खरी असेल. मी ती नाकारत नाही. पण भीती वाटते म्हणून माणूस हात धरतो. कात्री धरत नाही.

ट्रॅव्हिसलाही भीतीच वाटत असेल. बायको प्रमुख होणार, रात्रपाळी येणार, पोरं आणि खांब दोन्ही त्याच्या गळ्यात येणार. मग त्याला म्हणावं, बायकोला तसं सांग. भांडू दे दोघांना. आपण कधी भांडलो नाही असं सगळं चर्च म्हणतं, आणि आता मला कळतं की आपलं भांडण व्हायच्या आधीच तू ते कागदावर मिटवून टाकत होतास.

तर आता नीट वाच, चष्मा लाव.

तू आलीनला पत्र लिहायचं. मला नाही, तिला. तुझ्या अक्षरात. तिचा चेक रोगट का दिसतो ते लिही. ट्रॅव्हिसला तो सल्ला तू दिलास, हे लिही, आणि सल्ला देताना त्याचा परिणाम काय होतो ते तुला माहीत होतं, हेही लिही. ‘गंमत’ हा शब्द त्यात कुठे दिसला तर कागद बदलून पुन्हा लिही. दोघांनी नवे फॉर्म भरावेत, कपात दोघांत पगाराच्या मानाने वाटावी, आणि पाळणाघर दोघांच्या मिळकतीतून वजा करून मग ठरवावं, असं सांग. शेवटी तिच्या आईच्या बाबतीत तू काय केलंस ते लिही. तिने विचारलंय, तुझं काय वाईट झालं. मला तोंडाने सांगता येत नाही. तू सांग.

आणि मग, खरा पगार बघूनही तिला घरी राहावंसं वाटलं, तर राहू दे. मी एक अक्षर बोलणार नाही. जीभ दाताखाली धरीन. पण बघून राहू दे.

जूनमध्ये आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. केकवर काय लिहायचं, असं आलीन मला परवा विचारत होती. मी म्हटलं, बाबांना विचार, त्यांना आकडे कळतात.

कामी शनिवारी सकाळी परत निघेल. पत्र त्याच्या हातात दे, तवा त्याच्या गाडीत ठेव. शनिवारी चर्चच्या दुपारच्या घंटेपर्यंत पत्र माझ्या टेबलावर नसलं, तर रविवारी मी आलीनच्या टेबलाशी बसून तिला सगळं सांगेन, ट्रॅव्हिससमोर, सुरीसकट. तिने विश्वास ठेवला नाही तरी सांगेन. मग तू मार्चपर्यंत मासे मारलेस तरी माझी हरकत नाही. छप्पर मजबूत आहे, माझ्याच पैशाचं आहे.

खाली सहीच्या आधी ‘तुझी’ लिहायची सवय आहे. तो शब्द मी तूर्त कापून ठेवला आहे. जादा कापला गेला असेल तर बघू, एप्रिलमध्ये.

उत्तर लेखी. शनिवार, २५ जानेवारी, दुपारी बाराच्या आत.

जिल्बेर्त